उजवं झाकण

बोगद्यात शिरताच आबांनी दिवे लावले. त्यांच्या जुन्या अमेरिकन गाडीचे दिवे झाकणांमागे लपलेले असायचे. इंजिनाच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवेच्या ओढीने, झाकणं उघडायची. आज डावीकडची भिंत लख्ख उजळली, उजवीकडे मात्र काळोखच!

शेजारी बसलेल्या नात रेवाला कारण लगेच कळलं. उजवं झाकण ओढणारा व्हॅक्यूमचा डबा चिरलेला दिसला, म्हणून सकाळी तिनेच, आबांच्या नकळत, बदलला होता. नवा डबा दुसऱ्या मॉडेलच्या भंगार गाडीतला, पण दिसायला हुबेहूब. नळ्यांची तोंडं उलटी वाटली, तरी ‘चालतंय की!’ म्हणत तिने जोडली होती. आता झाकण उघडायच्या वेळीच मिटत होतं.

समोरून ट्रक आला, थेट रस्त्याच्या मधून.

“आबा, एकच दिवा दिसतोय त्याला! मोटारसायकल समजतोय आपल्याला!”

आबांनी हॉर्न दाबत गाडी भिंतीला घासली. ट्रक आरसा उडवून गेला.

बाहेर उजेडात येऊन आबांनी गाडी थांबवली. “किल्ली तुझ्या बापाला देऊन टाकतो, पोरी. म्हातारा झालो. निघताना दिवेसुद्धा तपासले नाहीत.”

रेवा गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. ट्रकसमोरही तिला एवढी भीती वाटली नव्हती.

“म्हातारे नाही झालात, आबा. तो डबा मी बदललाय.”