शेवटची गाठ

बाबांनी मोबाइलचा स्टँड उचलला आणि सरळ दुकानाबाहेर भिरकावला.

"फक्त हात, असं ठरलं होतं," ते गरजले. "तोंड नाही!"

"तोंड कुठे आलं? कान आला जरासा," धाकटी म्हणाली.

"कानसुद्धा माझाच आहे."

भर रस्त्यातून स्टँड गोळा करताना धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात समोरच्या बुटांच्या शोरूमचा पहारेकरी दात काढत होता.

धाकटी घरात एकुलती एक. एकुलती एक पोरगी धाकटी कशी, असं कुणी विचारलं की बाबा कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बोट दाखवायचे. "थोरलं ते. हिच्याआधी वर्षभर आलं." विचारणारा हसायचा आणि विषय तिथेच संपायचा.

दुकान चपला-बूट दुरुस्तीचं. समोर शोरूम आल्यापासून लोक उसवलेला बूट शिवण्यापेक्षा फेकून देऊ लागले होते. आईने निकाल देऊन टाकला होता: वर्षअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं तर ठीक, नाहीतर शटर खाली. धाकटीला मात्र हेच दुकान चालवायचं होतं. लहानपणापासून ती या मेणाच्या आणि चामड्याच्या वासात वाढली होती. तिने दुकानाचं पेज काढलं, त्यावर 'पंचवीस वर्षांचा हात' असं लिहिलं आणि रोज एक व्हिडिओ टाकायचा सपाटा लावला. तीन महिन्यांत फॉलोअर झाले दोनशे अकरा. त्यातले निम्मे मावश्या आणि मामेभाऊ.

आणि एक 'जुना ग्राहक'. या खात्याला ना फोटो, ना पत्ता. पण प्रत्येक व्हिडिओखाली पहिली कमेंट त्याचीच. 'हात जरा जवळून दाखवा.' 'डावा अंगठा दिसला नाही.' 'व्हिडिओतून शेवटची गाठ नेहमी का कापता?'

शेवटची गाठ ही बाबांची खासियत. मेण लावलेला दोरा ते डाव्या अंगठ्याभोवती उलटा फिरवत आणि एका झटक्यात ओढत. चामडं फाटेल, पण ती गाठ सुटायची नाही. अशी गाठ दुसऱ्या कुणाकडे धाकटीने पाहिली नव्हती. आणि नेमकी तीच दाखवायला बंदी!

"हा जुना ग्राहक शोरूमवाल्यांचाच माणूस," ती आईला म्हणाली. "गाठ चोरायचीये मेल्याला."

"मग नको दाखवूस. तुझ्या बाबांना तरी कुठे आवडतं? लग्नाच्या फोटोत मान वर केली नाही या माणसाने. फोटोवाला रडकुंडीला आला होता."

पण स्टँडचा एक पाय मोडला होता, आणि धाकटीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा कामात गढलेले असताना तिने मागून मोबाइल धरला. चामडं टोचायची आरी घुसल्याचा जुना व्रण असलेला अंगठा, उलटा फिरणारा दोरा, झटका, गाठ. सगळं आलं. खाली तिने रागारागात लिहिलं, 'ही आमच्या बाबांची गाठ. जुना ग्राहक, हिंमत असेल तर तोंड लपवू नका. दुकानात या.' आणि पत्ता टाकला.

दोन दिवसांत नव्वद हजार लोकांनी ते पाहिलं. माणसं पिशव्या भरभरून बूट घेऊन आली. शोरूमचा पहारेकरीसुद्धा स्वतःचा बूट घेऊन मुकाट्याने रांगेत उभा राहिला.

बाबा चवताळून उठतील, म्हणून धाकटी तयारीत होती. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

"हे कुठवर जातं?"

"कुठवर म्हणजे? सगळीकडे!"

त्यांनी मशीन ओढत दुकानातल्या पडद्यामागे नेलं आणि तिथेच बसून काम करू लागले. डबा न उघडता परत जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुकान दुसरीकडे हलवू."

"आता? रांग लागलीये तेव्हा?" धाकटी फुटलीच. "तीन महिने मी मरमर मेले, बाबा! एका शब्दाने शाबास म्हणाला नाहीत. उलट चोरी पकडल्यासारखं तोंड करून बसलायत!"

बाबांनी पडदा ओढून घेतला. त्याचा तिला आणखीच राग आला.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई आली. पस्तिशीची असेल. रांग मोडून ती थेट काउंटरशी उभी राहिली.

"तू बोलावलंस, मी आले. जुना ग्राहक मीच."

धाकटीने बाह्या सरसावल्या. "समोरच्यांनी पाठवलं ना तुम्हाला?"

"मला कुणी पाठवलेलं नाही."

"मग आमच्या गाठीशी तुमचं काय देणंघेणं?"

बाईने पिशवीतून एक सँडल काढून काउंटरवर आपटली. लहान मुलीची, लाल रंग उडालेली, पट्टा पुन्हा शिवलेला.

"उलटी कर."

धाकटीने ती उलटी केली. पट्ट्याच्या आत तीच गाठ होती.

"बघा! चोरलीच शेवटी," ती ओरडली. "कुणाकडून शिवून घेतलीत?"

"कधी शिवली ते विचार. तीस वर्षं होतील."

"थापा मारू नका. आमचं दुकानच पंचवीस वर्षांचं आहे."

"माहितीये. तूच लिहिलंयस पेजवर."

पडद्यामागचं मशीन थांबलं. बाईने तिकडे पाहिलं. आवाज तिने चढवला नव्हता, पण काउंटरची कड धरलेली तिची बोटं रागाने पांढरी पडली होती.

"त्यांना बाहेर बोलाव."

"ते कुणाला भेटत नाहीत," धाकटी फणकारली. "काय सांगू? कोण आलंय म्हणून?"

"सांग, थोरली आलीये."