हिरड्या भरेपर्यंत

"एकसष्टपासून सत्तरपर्यंत म्हणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सावकाश. 'स' नीट निघतो का, ते ऐकायचंय मला."

म्हाताऱ्यानं नवी कवळी जिभेनं चाचपली, खुर्चीत ताठ बसला आणि सुरू झाला. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. आवाज असा खणखणीत निघाला की बाहेर बाकावर गाल धरून बसलेल्या बाईनं आत डोकावून पाहिलं. भाजीच्या लिलावात हयातभर बोली पुकारलेला गळा तो. त्यानं तिसरा वार म्हटला की सौदा पक्का, मग कुणाच्या बापाचं चालत नसे. दात गेल्यापासून मात्र हा माणूस घरात खुणांवर आला होता. पाणी हवं असलं तरी पेल्याकडे बोट.

मुलगा दाराशी उभा होता. त्याच्या फोनवरही आकडेच चालले होते, फक्त उलटे.

कवळीचे पैसे बापानं दात काढले त्याच दिवशी त्याच्या हवाली केले होते. हिरड्या भरून यायला तीन महिने लागणार होते. तीन महिने पैसा नुसता पडून राहणार, हे कुरिअरच्या कचेरीत पावत्या फाडणाऱ्या मुलाला बघवेना. शेजारच्या टेबलावरच्यानं डिजिटल नाण्याचं ॲप दाखवलं आणि यानं हिरड्या भरेपर्यंतच्या मुदतीवर सगळे पैसे लावले. पहिल्याच आठवड्यात आकडा असा फुगला की कवळी फुकटात पडून वर बायकोला शिलाई मशीन येत होतं. बायकोला त्यानं तसं सांगूनही टाकलं. बापाला सांगितलं नाही. दाखवायला हातावर ठेवणार काय?

मग हिरड्या भरत गेल्या आणि नाणं झिजत गेलं. उतरलं असेल तर विकू नये आणि चढलं असेल तर विकायची घाई करू नये, असं टेबलावरच्याचं शास्त्र होतं. त्या शास्त्रात विकायचा मुहूर्तच नव्हता.

सत्तर झाले. डॉक्टरबाईंनी निळा कागद चावायला दिला, जिथं डाग उठला तिथं कवळी जराशी घासली आणि हातात आरसा दिला. म्हाताऱ्यानं आरशात दात काढले, मग मुलाकडे बघून काढले.

"तरुणपणी नव्हते रे इतके पांढरे," तो म्हणाला. "लोक म्हणतील, चोरून आणले."

डॉक्टरबाई हसल्या आणि हसता हसताच कवळीच्या पैशांचं बोलल्या. आजच द्या म्हणाल्या. तोंडात बसलेल्या कवळीची उधारी वसूल होत नाही, आणि कुणाच्या तोंडातून ओढून काढणं काही त्यांना जमायचं नाही.

मुलगा एक मिनिट म्हणाला आणि त्यानं 'पैसे काढा'वर बोट ठेवलं. जे उरलं होतं त्यात अर्धी कवळीसुद्धा आली नसती, पण बाईंच्या हातावर काहीतरी ठेवता आलं असतं. फोननं नम्रपणे कळवलं की शिल्लक किमान मर्यादेपेक्षा कमी आहे. काढायचे असतील तर आधी आणखी भरा. त्यानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

त्यानं बाईंकडे आठ-पंधरा दिवस मागितले. बाईंनी नाही म्हटलं नाही. कवळी डबीत, पाण्यात ठेवते म्हणाल्या, तिला काही होत नाही. हिरड्या मात्र थांबत नाहीत, त्या आत जातच राहतात. फार लांबवलंत तर ही तोंडात खुळखुळेल, मग पुन्हा माप आणि पुन्हा पैसे.

मुलगा खुर्चीजवळ जाऊन वाकला.

"बाबा, तुमच्याकडे आहेत का थोडे? भरले की आतले अडकलेले निघतील."

कसले अडकलेले, असं बापानं विचारलं, तेव्हा मुलानं सगळं सांगितलं. हळू आवाजात, जमिनीकडे बघत, मशीनसुद्धा न वगळता. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. वर ताजी आणि खाली सडकी भाजी भरलेली पोती आणणाऱ्यांचं तो असंच ऐकून घ्यायचा. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"घेणारा कोण आहे?"

"तसा कुणी एक नसतो, बाबा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. माल न बघता बोली लावणारे त्यानं उभ्या जन्मात पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या पैशांवर त्याचं घर चाललं होतं. त्यातला एक आपल्याच ताटाशेजारी जेवायला बसतो, हे तेवढं बघायचं राहून गेलं होतं.

त्यानं मुलाचा फोन धरलेला हात मनगटाला पकडून वर उचलला, बाजारात मेथीची पेंडी उचलून दाखवावी तसा.

"एक वार," त्यानं पुकारलं. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. डॉक्टरबाई हात पुसता पुसता थबकल्या.

"दोन वार."

मग त्यानं मनगट सोडलं. अंगठा टाळूला लावून आधी वरची, मग खालची कवळी काढली, दोन्ही डबीतल्या पाण्यात सोडल्या आणि झाकण स्वतःच लावलं. गाल आत गेले. तिसऱ्याला त्याचे ओठ हलले, पण निघाली ती नुसती हवा.

मुलाचं लक्ष नव्हतं. फोनवरचा आकडा तेवढ्यात जरासा चढला होता.