सहाशे अठरावी वॉर्निंग

"खोटी," काका म्हणाले, आणि पुतणीने छापील यादीतल्या सहाशे सतराव्या वॉर्निंगपुढे फुली मारली.

अकरा वाजत आले होते. खाली आवारात ट्रक उभा होता आणि त्यात चारशे कुलुपं चढत होती. आकडे दाबून उघडायची ही कुलुपं इस्पितळांमधल्या औषधांच्या खोल्यांना लागणार होती. ट्रक बाराला सुटायचा होता. कुलपाच्या आतला प्रोग्रॅम काकांनी बावीस वर्षांपूर्वी सी भाषेत एकहाती लिहिला होता, आणि तेव्हापासून त्याला कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. पुतणीने बोट लावलं नव्हतं. तिने तो फक्त तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचायला दिला होता, आणि त्या सॉफ्टवेअरने सहाशे अठरा ठिकाणी नाक मुरडलं होतं.

"प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून चुका काढायच्या," काका म्हणाले. "म्हणजे न चाखता स्वयंपाकाला नावं ठेवायची. तुझी आजी हे काम कॉम्प्युटरशिवाय करायची."

खरं सांगायचं तर बऱ्याचशा वॉर्निंग फुसक्याच होत्या, आणि ते पुतणीलाही मान्य होतं. फुलीपुढे कारण लिहायचं, एवढाच तिचा नियम. काकांनी आतापर्यंत सांगितलेली कारणं होती 'माहीत आहे', 'मुद्दाम केलंय', 'असू दे' आणि चारशे ठिकाणी 'वरीलप्रमाणे'.

शेवटची एक उरली. तिच्यापुढे पुतणी फुली मारेना.

"इथे दाबलेले आकडे ठेवायला बारा खण आहेत," ती म्हणाली. "पण किती दाबले, ते कुठेच मोजलेलं नाही. तेरावा आकडा आला की तो शेजारच्या खणात घुसतो. आणि दार उघडायचं की नाही, ते त्याच खणात ठेवलंय."

"कोड सहा आकड्यांचा आहे. तेरा कोण दाबणार?"

"चोर दाबेल."

"चोराला तुझ्यासारखा रिकामा वेळ असतो होय?" काकांनी खोलीच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "बावीस वर्षं हेच कुलूप या दाराला आहे. त्याचा कोड तुझ्या काकूलासुद्धा माहीत नाही. मी उघडल्याशिवाय एक तरी माणूस आत आलाय का? सांग."

पुतणीने पुन्हा यादीकडे पाहिलं. फुली मारली, तर उद्या चारशे खोल्यांतली औषधं कोणाच्याही हाती लागतील. नाही मारली, तर काकांचं आयुष्यभराचं काम खोटं ठरेल, आणि की-बोर्डवर पहिलं बोट ठेवायला तिला काकांनीच शिकवलं होतं.

"लिही, खोटी," काका म्हणाले. "कारण, असं कोणी करत नाही."

तेवढ्यात दाराबाहेर बटणांची घाईघाईने टिकटिक झाली आणि दार टक्कन उघडलं.

बादली घेऊन मावशी आत आल्या. तशा त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या. इमारतीची साफसफाई त्यांच्याकडे होती. काकांना खुर्चीत बघून त्या दचकल्या, कारण रोज या वेळी काका खाली पॅकिंगवर असत.

"मावशी, तुम्हाला कोड कोणी दिला?" काकांचा आवाज चिरकला.

"कसला कोड?" मावशींनी हातातलं ओलं फडकं दाखवलं. "बटणांवर तुमच्या बोटांचे डाग पडतात, ते पुसते. पुसलं की दार उघडतं."

"कधीपासून?"

"तुम्ही बसवलंत तेव्हापासून. मला वाटलं, माझे हात अडकलेले असतात म्हणून साहेबांनी सोय केलीय. मी तर घरी सगळ्यांना सांगते, आमचे साहेब किती विचार करतात."

बावीस वर्षं ही खोली रोज लख्ख असायची. ती कोण पुसतं हे काकांना माहीत होतं, पण पुसणारं माणूस आत कसं येतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

काका उठले. मावशींच्या हातातलं फडकं घेऊन ते बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. टिकटिक ऐकू आली. दार उघडलं नाही.

"घासू नका, साहेब!" मावशी आतून ओरडल्या. "सावकाश. दहाही बटणांवरून, वरून खाली, दोनदा."

दार टक्कन उघडलं. काका उंबऱ्यात उभे होते आणि फडक्यातलं पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की आपलं खरं ठरल्याचं पुतणीला वाईट वाटलं.

"ट्रक थांबव," ते म्हणाले.

पुतणीने खिडकीतून हाक मारून ट्रक थांबवला. ती वळली तेव्हा काका यादी पुढ्यात घेऊन बसले होते. शेवटच्या वॉर्निंगपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'खरी' लिहिलं. कारणाच्या रकान्यावर बराच वेळ पेन टेकवून ठेवलं आणि मग लिहिलं, 'मावशी'.

"आणि त्या वरच्या सहाशे सतरा," ते खाली बघत म्हणाले, "त्या पुन्हा एकदा बघू."

मावशी अजून बादलीपाशीच उभ्या होत्या. "साहेब, हे दुरुस्त झाल्यावर मी आत कशी येऊ?"

काकांनी थोडा विचार केला. मग त्यांनी पुतणीला कान झाकायला लावले, जाऊन दार नीट लागलंय का ते पाहिलं, आणि बावीस वर्षांत कोणाला न सांगितलेले सहा आकडे वाकून मावशींच्या कानात सांगितले.

मावशींनी ते बोटांवर घोकून पाहिले. दोनदा चुकल्या.

"हे काही माझ्या लक्षात राहायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही असं करा, साहेब, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि बाहेरून दाराला चिकटवून ठेवा."