आस्लाउगची जागा

फोन वाजला तेव्हा हाल्वोर मेजाशी बसून आपल्या बंदुकीत किती लांबीचं काडतूस बसतं ते मापत होता. आकडा हाती आल्यावरच त्याने फोन उचलला. त्याची बायको आस्लाउग दुकानात पावाच्या फळीपाशी कोसळली होती. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"हृदय बरेच महिने थकलेलं असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गेल्या शरदातही?" हाल्वोरने एवढंच विचारलं.

"असू शकेल."

त्याला ते उत्तर हवं होतं.

गेल्या शरदात मूस हरणांच्या शिकारीत टोळीतल्या ओडवारच्या गोळीने एक नर जखमी झाला. लंगडत तो तळ्याकाठी, आस्लाउगच्या अगदी समोरून गेला. तिने बंदूक उचललीच नाही. आयुष्यभर नेम न चुकलेली बाई नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी जनावर दलदलीत मेलेलं सापडलं.

त्या संध्याकाळी सगळी टोळी हाल्वोरच्याच स्वयंपाकघरात जेवायला होती. ओडवार टोळीचा म्होरक्या, हाल्वोरचा शाळेपासूनचा दोस्त.

"हाल्वोरच्या नव्या काडतुसाने मूसचं वासरू जागच्या जागी बसलं," तो म्हणाला. "याचं माप म्हणजे माप. पण काडतूस कितीही चांगलं असो, खटका तर माणसानंच ओढायचा ना."

कुणी हसलं नाही. आस्लाउगने सगळ्यांना कॉफी ओतली. मग ओसरीवर जाऊन एकही गोळी न झाडलेली बंदूक ती बराच वेळ साफ करत बसली.

सगळे गेल्यावर हाल्वोर म्हणाला, "घाबरलीस, तर तसं सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "बरं. घाबरले म्हण."

त्यानंतर ती कधी शिकारीबद्दल बोलली नाही.

आता पुन्हा शरद तोंडावर आला होता. ओडवार वॉफलवर तपकिरी चीज ठेवत म्हणाला, "आस्लाउगची तळ्याकाठची जागा भाच्याला देऊ म्हणतो."

"तिथं मी बसेन. तिची बंदूक घेऊन."

"बस की. पण लेका, तिचं त्या दिवशी झालं तरी काय?"

"हृदय. हातात ताकद उरली नसेल."

"आणि मग हिवाळाभर लाकडं कोण फोडत होतं? तू तर पाठ धरून बसला होतास."

हे हाल्वोरच्याही ध्यानात आलं होतं. कुऱ्हाड चालत होती, मग बंदूक का नाही? रोज तो हा हिशेब मांडायचा आणि रोज तो चुकायचा.

ओडवारने बोटं चाटली. "मलाही करून दे ती तांब्याची काडतुसं."

"आधी तुझी बंदूक आण. मापल्याशिवाय मी देत नाही."

"हो बाबा. आणतो."

तांब्याच्या गोळ्यांचा हट्ट आस्लाउगचा. नातवंडांच्या ताटातल्या मांसात शिसं नको, म्हणाली. तांबं शिशाहून हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी करायची तर ती लांब होते, आणि लांब गोळी नळीच्या आत कोरलेल्या पिळदार आट्यांना आधी टेकते. म्हणून मापं नव्याने घ्यावी लागली. हाल्वोरने ती घेतली आणि दोघांसाठी काडतुसं भरली. उन्हाळ्यातली नेमबाजीची चाचणी तिने जुन्या शिशाच्या गोळ्यांवरच दिली होती. तांब्याची काडतुसं तिच्या हाती पडली ती शिकारीच्या सकाळी.

ओडवार गेल्यावर हाल्वोरने तिचं शिकारीचं जॅकेट झटकायला घेतलं. खिशाच्या शिवणीत काळे बारीक दाणे अडकले होते. न्याहारीला ती काळी खसखस लावलेला पाव न्यायची. दाणे टाकून देववेनात. त्याने ते बशीत काढून ठेवले.

मग तिची बंदूक मेजावर घेतली. दोघांच्या बंदुका एकाच दुकानातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या. त्याची दर शनिवारी मैदानावर जायची, तिची फक्त शिकारीला निघायची. त्याने गेल्या वर्षीच्या मापाचं नमुन्याचं काडतूस घेतलं. त्यात बंदुकीची दारू नव्हती, फक्त पितळी पुंगळी आणि पुढे लांब गोळी. ते आत सरकवून त्याने नळीमागचा सरकता दांडा, बोल्ट, पुढे लोटला.

बोल्ट अर्ध्यावर अडला.

कचरा असेल, म्हणून त्याने जोर लावला. बोल्ट हलेना. मागे ओढला, तर हातात नुसती पुंगळी आली. गोळी आत आट्यांमध्ये रुतून बसली होती.

त्याने रिकाम्या पुंगळीचं तोंड उजेडात धरलं. त्याच्या नळीतल्या आट्या वर्षानुवर्षं झाडून सुरुवातीला झिजल्या होत्या, म्हणून तिच्यात लांब गोळी मावायची. हिची कोरी होती. हिच्या नळीत आट्या कुठे सुरू होतात ते त्याने कधी मापलंच नव्हतं.

या पुंगळीत दारू नव्हती. गेल्या शरदात तिने अशीच ओढून खिशात टाकली असेल, त्या पुंगळीत होती.

त्याने बशी ओढली आणि काडी पेटवून दाण्यांना लावली. खसखस भपकन पेटली आणि गेली. मागे बंदुकीच्या दारूचा वास उरला.

घाबरलीस, तर तसं सांग, असं तो तिला म्हणाला होता, आणि त्याच्या मापाला बोल लागू नये म्हणून तिने ते मान्य केलं होतं. त्याचे ते शब्द परत घ्यायचे राहिले होते.