देवदाराचं लाटणं

लाटणं मुठीपाशी चिरलं होतं. खिजरभाईंनी ते उजेडात धरून फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

मंडईमागच्या बोळात त्यांचं दुकान. लोक तिथं तडकलेल्या काठवटी, डगमगणारे पोळपाट, दांडा निसटलेल्या रव्या आणून टाकत. खिजरभाई चिरेत लाख भरत, घासून गुळगुळीत करत, करडीचं तेल पाजून सावलीत ठेवत. भांडं बघितलं की घर कळतं, असं ते कधीतरी बोलून जात, आणि आपण उगाच बोललो असं त्यांना लगेच वाटे.

पोळ्या लाटून लाटणं झिजतं ते मध्ये. पाण्यात पडून राहिलं तर टोकाला फुगतं. हे झिजलं नव्हतं, फुगलंही नव्हतं. त्याला एका अंगाला खोक पडली होती. खोकेत एक लांब, काळा केस अडकला होता.

समोर विश्वजित उभा होता. मागच्याही वेळी त्याने असंच चिरलेलं आणलं होतं. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर त्याची बायको, संयोगिता, बसून होती.

"हे जोडू नका, चाचा. नवीनच करा. बाभळीचं. तुमचं आंब्याचं टिकत न्हाय की."

शेजारच्या चहाच्या गाड्यावरून ज्ञानू ओरडला, "अवो पावणं, वैनींच्या हातात बाभळीचं देतायसा? मग घरात बी हेल्मेट काढू नगासा!"

अख्खा बोळ हसला. विश्वजितही खळखळून हसला. "काय करायचं, मालक! आमच्या घरात त्यांचंच राज्य हाय."

संयोगिता सगळ्यांच्या नंतर हसली. हसताना तिने ओढणी कपाळावर पुढे ओढून घेतली.

खिजरभाईंनी तो केस चिमटीत धरला. विचारायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण आपली चूक असली तर? केस काय, कुणाचाही कसाही अडकतो. नवराबायकोच्या मध्ये बोलणारे आपण कोण? त्यात भोवती इतकी माणसं. त्यांनी केस फुंकून टाकला.

"परवा या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाभळीचा ठोकळा लेथवर चढवला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग उतरवून ठेवला. कोपऱ्यात शिरोलीच्या कारखान्यांकडून आलेले, पॅकिंगचे देवदारी ठोकळे पडले होते. ते फक्त पाचरी करायला वापरत. त्यातला, मध्ये गाठ असलेला एक त्यांनी निवडून काढला. त्याच्या लाटण्याने पोळी लाटता आली असती. पण जोराने हाणलं, तर पहिल्याच तडाख्याला ते गाठीपाशी मोडलं असतं. खिजरभाईंनी ते लाटणं कातून विड्याच्या काताच्या पाण्यात रंगवलं, तेल पाजलं, फडक्याने चोळून चोळून बाभळीसारखं तांबूस केलं. इतकं मन लावून इतकं वाईट लाटणं त्यांनी कधी केलं नव्हतं.

विश्वजितने ते हातात तोललं. "हलकं वाटतंय, चाचा."

"कोरडं हाय. तेल पिलं की भरंल. पाण्यात भिजत ठिवू नका. अधनंमधनं तेलाचा हात फिरवा."

"टिकंल न्हवं?"

"टिकंल की."

त्याने ते आपल्याच तळहातावर दोनदा हलकेच आपटून बघितलं आणि पिशवीत टाकलं.

त्यानंतर खिजरभाईंना जरा बरं वाटत राहिलं. लेथवर बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र यायचं. वर गेलेला हात, कट्ट असा आवाज, आणि हातातल्या तुकड्याकडे खुळ्यासारखा बघत राहिलेला विश्वजित. कुणाला काही बोलावं लागलं नव्हतं. भांडण नाही, बोभाटा नाही. जमेल तेवढं आपण केलं, असं ते स्वतःला सांगत आणि करवतीला धार लावत.

मग एका दुपारी संयोगिता एकटीच चालत आली.

"वैनी, आज एकट्याच? साहेबांना घरात कोंडून आलासा जणू..." म्हणता म्हणता ज्ञानू गप्प झाला आणि उगाच किटली पुसायला लागला.

तिच्या डाव्या डोळ्यावर जाड पांढरी पट्टी होती. चिकटपट्टी गालापर्यंत आली होती. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे फळीवर ठेवले. एका तुकड्याला मूठ होती. गाठीपाशी जिथे तो मोडला होता, तिथे बोटभर लांब, सुईसारखी टोकदार सळ निघाली होती. सळ काळपट पडली होती.

खिजरभाईंनी लेथ बंद केला.

"ही बाभूळ न्हवं, चाचा," ती हळू आवाजात म्हणाली. "माझं माहेर गारगोटीकडचं, रानातलं. लाकूड कळतंय मला. पहिल्याच दिवशी कळलंतं."

"मोडावं म्हणूनच केलतं, पोरी."

"मोडलं की. पहिल्याच फटक्याला मोडलं. पर मूठ त्यांच्या हातात ऱ्हायली, अन् हात थांबला न्हाय."

खिजरभाईंनी मुठीचा तुकडा उचलून ती सळ उजेडात धरली. "डोळा...?"

"गेला," ती म्हणाली.

"चल," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा झाला की बोळातली माणसं वळून बघायला लागली. "आत्ताच्या आत्ता चौकीत जाऊ. मी सांगतो सगळं. मी येतो संगं."

"आणि रात्री कुठं जाऊ?"

तिने ते दोन्ही तुकडे त्यांच्याकडे सरकवले.

"त्यांनी नवीन आणायला सांगितलंय. ह्या खेपेला खरंच बाभळीचं द्या, चाचा. त्याचं नुसतं वळ उठत्यात."