लांबची लेन्स

चाळिशी गाठलेल्या ग्रंथपालाला आत्या होत्या नऊ. घरात काहीही समारंभ असो, नऊजणी त्याला घेरायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "बाळ्या, लग्नाचं काय झालं?" तोंड लपवायला जागा उरली नाही, तेव्हा त्याला युक्ती सुचली. कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाला कोण छेडतंय? तो तडक दुकानात गेला.

"पहिलाच डीएसएलआर ना?" दुकानदार म्हणाला. "मग सोबत मिळते ती छोटी लेन्स पुरे. हात बसला की मोठी घ्या."

"हिनं फोटो काढायला किती जवळ जावं लागतं?"

"चार पावलांवर."

"छे, छे. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून काम भागेल अशी द्या."

"पक्षी टिपणार वाटतं?"

"आत्या."

चुलतभावाच्या वाढदिवसाला तो हातभर लेन्स घेऊन कोपऱ्यात उभा राहिला, आणि खरंच, कुणी त्याला चकार शब्दानं विचारलं नाही. पण लांबच्या लेन्सची खोड त्या नवख्याला ठाऊक नव्हती. ती मागचा पसारा पुसून टाकते आणि चेहरे असे काही खुलवते, की फोटोत नऊच्या नऊ आत्या दहा-दहा वर्षांनी तरुण दिसल्या.

सोमवारी सकाळीच थोरल्या आत्याचा फोन आला.



"बाळ्या, तुझ्या वर्षभरातल्या सुट्ट्या कळव रे. आम्ही नऊजणींनी आपापले वाढदिवस त्या-त्या सुट्टीलाच करायचं ठरवलंय."