पहिली फिल्म

डॉक्टरांनी दोन फिल्मा उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावल्या. एक गेल्या वर्षीची, एक कालची. लहानूच्या डोक्यातली गाठ दोन्हींत बोराएवढी दिसत होती. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं.

"तेवढीच आहे. वाढ नाही. पुढच्या वर्षी परत स्कॅन करू."

चार वर्षं ते हेच सांगत आले होते. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, चंद्रकलेनं, हात जोडले, पिशवी उचलली. "चला जी. मी म्हटलंच होतं."

लहानू उठला नाही. मांडीवरच्या लिफाफ्यातून त्यानं आणखी एक फिल्म ओढली. सगळ्यांत जुनी, चार वर्षांपूर्वीची, चौऱ्याऐंशीची.

"हे पण लावा, साहेब."

"काहून?" चंद्रकलेनं त्याचं मनगट धरलं. "साहेब सांगून राहिले ना, तेवढीच हाय म्हून! तुमाले उकरून काढ्याची भारीच हौस."

"सोड वं." तो डॉक्टरांकडे वळला. "मी कोष्टी माणूस, साहेब. मागावर कापडाचा पन्हा, म्हंजे रुंदी, एकेक दोरा आखडत जाते. कालच्या कापडाशी लावलं तं बराबर दिसते. पहिल्या वितीशी लावलं का मंग समजते."

डॉक्टर हसले. फिल्म मात्र त्यांनी लावली, आणि हसू गेलं. जुन्या फिल्मवर गाठ हरभऱ्याएवढी होती. त्यांनी पट्टी लावली, पुसली, पुन्हा लावली.

बाहेर शिपाई पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होता.

"चूक माझी," डॉक्टर म्हणाले. "मी दरवेळी आदल्याच वर्षाशी ताडून पाहत होतो." ते खुर्ची ओढून लहानूसमोर बसले. "गाठ काढावी लागेल. पण मेंदूत जिथून उजवा हात चालतो, तिथेच ती चिकटली आहे. ऑपरेशनमध्ये हात जाऊ शकतो."

"आन् नाई काढली तं?"

"तर आधी हात जाईल. मग बाकीचं."

लहानूनं उजवा हात पालथा केला, उताणा केला. हो म्हटलं तरी हात, नाही म्हटलं तरी हात.

"विचार करून कळवा. पण फार दिवस लावू नका."

"मागावर साडी हाय. तेवढी उतरली का येतो."

"किती दिवसांत उतरेल?"

"चार."

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर चंद्रकलेनं लिफाफा त्याच्याकडून घेतला आणि पिशवीत खाली खुपसला.

"अजी," ती म्हणाली, "उद्यापासून हळू विणा."